पाऊण शर्यतीचा कॅम

माझा पुतण्या नोकरीनिमित्त कोइमतूरला असतो. गेल्या दिवाळीत तो आला, तो फराळाच्या ताटावर बसण्याआधीच मला म्हणाला, "काका, माझ्या जुन्या गाडीत कोणता कॅमशाफ्ट घालू? रोज कामावर न्यायची आहे, आणि वर्षातून दोन-तीन रविवार ट्रॅकवरही पळवायची आहे." त्याला हा प्रश्न अगदी नवा वाटत होता. मला मात्र त्यात ऐंशी-नव्वद वर्षांचा इतिहास दिसला, आणि त्या इतिहासाच्या शेपटाला लटकलेली माझी स्वतःची एक फजितीही.

ज्यांनी इंजिन कधी उघडून पाहिले नाही अशा मंडळींसाठी थोडे सांगतो. प्रत्येक सिलिंडरला निदान दोन दारे असतात. एकातून हवा आणि पेट्रोल आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. ही दारे, म्हणजे व्हॉल्व्ह, कधी उघडायची, किती उघडायची आणि कधी मिटायची, हे कॅमशाफ्ट ठरवतो. हा एक लोखंडी दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे. क्रँक दोनदा फिरला की हा एकदा फिरतो. कल्पना फार जुनी आहे. अल्-जझारी या कारागिराच्या १२०६ सालच्या यंत्रग्रंथातही ती सापडते.

गोम अशी, की उंचवटा एकदा घासला की दारांचे वेळापत्रक कायमचे ठरते. दादरला गर्दीच्या वेळी लोकलमध्ये पुढचा माणूस थांबला तरी मागचे ढकलतच राहतात. वेगात फिरणाऱ्या इंजिनातली हवा तशीच. पिस्टन उलट वर यायला लागला तरी ती आत घुसतच राहते. म्हणून शर्यतीच्या इंजिनाचे दार उशिरापर्यंत उघडे ठेवतात. पण तेच इंजिन सावकाश चालू लागले की हवेला जोर राहत नाही, आणि आत आलेली हवा पिस्टन त्याच दारातून परत बाहेर लोटतो.

हा पेच सामान्य तरुणांच्या वाट्याला ठळकपणे आला तो अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. १९३२ साली फोर्डने स्वस्तातली आठ सिलिंडरची गाडी काढली, इंजिन ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे, आणि सोळा उंचवट्यांचा एकच कॅमशाफ्ट. त्या गाड्या जुन्या झाल्यावर लॉस एंजेलिसच्या पोरांच्या हाती आल्या. शहराच्या उत्तरेला वाळवंटात म्यूरॉक आणि एल मिराज ही कोरडी पडलेली सरोवरे. तिथे जाऊन मडगार्ड आणि समोरची काच उतरवायची, सपाट मातीवर गाडी जीव खाऊन पळवायची, आणि सगळे पुन्हा बसवून त्याच गाडीतून घरी यायचे. कारण सोमवारी कामावर तीच न्यायची असे! १९३७ साली या पोरांच्या क्लबांनी आपली संघटनाही काढली.

त्यांना कॅम घासून देणाऱ्यांत एड विनफील्ड हे जुने उस्ताद. त्यांच्याकडून शिकलेला एड इस्केंडेरियन हा आर्मेनियन घरातला, १९२१ साली जन्मलेला मुलगा. युद्धानंतर त्याला स्वतःच्या गाडीसाठी कॅम हवा होता. पण कारागिरांकडे एवढी गर्दी, की नंबर लागेना. तेव्हा त्याने एक जुने ग्राइंडिंग मशीन विकत घेतले, ते कॅम घासण्याजोगे करून घेतले आणि १९४६ च्या सुमारास स्वतःच दुकान मांडले. जून १९४८ च्या 'हॉट रॉड' मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याची गाडी झळकली.

आता कुणी विचारील, घासल्याने धातू कमी होतो. मग उंचवटा वाढणार कसा? मलाही हे कोडे बरेच दिवस सुटले नव्हते. युक्ती अशी, की टोक जवळजवळ तसेच ठेवायचे आणि खालचा गोल पाया घासून लहान करायचा. पाया खाली गेला की टोक उंच झाले! मध्ये पडलेले अंतर कमी-जास्त करता येणाऱ्या टॅपेटनी भरून काढायचे.

अशा कॅमना त्या लोकांनी नावेही मोठी गमतीची दिली: अर्ध्या शर्यतीचा, पाऊण शर्यतीचा आणि पूर्ण शर्यतीचा. पूर्ण कॅमची गाडी उभी असतानाही गदगदते, कारण आतले आणि बाहेरचे दार बराच वेळ एकदमच उघडे राहते. तो गदगदाट पोरांना फार प्रिय. रोज गाडी चालवणाऱ्या शहाण्याने मात्र पाऊणच घ्यावा, हा धड्याचा सारांश.

माझी फजिती इथेच झाली. पन्नासएक वर्षांपूर्वी वडिलांच्या गाडीचा कॅम मी एका मिस्त्रींकडून घासून घेतला. त्यांनी मला दोनदा विचारले, "रोज चालवायची आहे का?" मी दोन्ही वेळा "नाही" म्हणालो. पंधरवड्यात बोरघाटात एका ट्रकमागे रांगताना ती गाडी धापा टाकू लागली, आणि तीनदा बंद पडली. मागे बसलेली आई म्हणाली, "अरे, हिला हिवताप भरलाय का?" वडील काही बोलले नाहीत. त्यांचे ते न बोलणे मला अजून आठवते. कॅमचा काही दोष नव्हता. त्याला मी खोटी माहिती दिली होती.

पुढे १९८९ साली जपानच्या होंडाने 'इंटिग्रा' गाडीत एकाच दांड्यावर दोन तऱ्हांचे उंचवटे ठेवले. वेग वाढला की तेलाच्या दाबाने खीळ सरकते आणि शर्यतीचा उंचवटा काम करू लागतो. १.६ लिटरमधून १६० अश्वशक्ती निघाली, आणि सिग्नललाही गाडी शहाण्यासारखी उभी राहू लागली. पण पुतण्याच्या जुन्या पुशरॉडच्या इंजिनात ही सोय कुठून असणार? तिथे निवडच करायला हवी.

म्हणून मी त्याला मिस्त्रींचाच प्रश्न विचारला, "खरं सांग, रोज कोण कोण बसतं गाडीत?"

तो जरा थांबून म्हणाला, "आई असते."

मग हिशेब सोपा होता. दार किती वेळ उघडे राहते ते क्रँकच्या अंशांत मोजतात. अशा जुन्या घरगुती इंजिनाला साधारण २४० ते २५० अंश, निव्वळ शर्यतीला ३०० च्या पुढे. आम्ही २७० वर थांबलो, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्याला साजेशा घ्यायच्या ठरल्या.

परवा त्याचा फोन आला. ट्रॅकवर मित्रांच्या गाड्या त्याच्या पुढे जातात म्हणे. "आणि वहिनी?" मी विचारले.

"आई ना? ती मागे खुशाल झोपते, काका."

पाऊण शर्यत जिंकली म्हणायची!