दीड हजार पोरं आणि एक रबरी पिशवी

सुरुवातीला एक गंमत. पुण्या-मुंबईत कुणी चक्कर येऊन पडला, तर लोक ओरडतात, "अरे, त्याला सीपीआर द्या!" कोल्हापुरात आपण ओरडतो, "त्याला सीपीआरला न्या!" त्यांचं सीपीआर म्हणजे छाती दाबणं, आपलं सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचा, टाऊन हॉलसमोरचा दवाखाना. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. जुनी माणसं अजून त्याला ‘थोरला दवाखाना’च म्हणतात.

आजचा विषय याच दवाखान्याच्या एका दारामागचा आहे. ‘अतिदक्षता विभाग’ असं पाटीवर लिहिलेलं असतं, आपण आयसीयू म्हणतो. आणि हा विषय घ्यायला कारण आहे एक वाक्य.

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. कोल्हापूर जिल्हा तेव्हा राज्यात पॉझिटिव्हिटीत वरच्या जिल्ह्यांत होता, आठवत असेल. माझे मामा एका दवाखान्यात होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "ऑक्सिजन पुरत नाहीये. व्हेंटिलेटर लावावा लागेल, सही करा." मावशी एकदम म्हणाली, "नको. व्हेंटिलेटर लावला की माणूस परत येत नसतोय." कॉरिडॉरमधल्या चार-पाच नातेवाइकांनी माना डोलावल्या. पेन माझ्या हातात होतं.

मावशीचं वाक्य खरं होतं का? तेव्हा मला माहीत नव्हतं. नंतर वाचत गेलो. तर चला, मागं जाऊया. बरंच मागं.

थोरला दवाखाना पूर्वी ‘अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल’ होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानात ज्या देखण्या दगडी इमारती उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. आपला नवा राजवाडा ज्यानं आखला, त्या मेजर चार्ल्स मँटचंच हे काम. १८८६ मध्ये संस्थानानं या हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून एका २१ वर्षांच्या मुलीला नेमलं. ती तेव्हा अमेरिकेत होती, नुकतीच फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेली. आनंदीबाई जोशी. कोल्हापूर तिला नवीन नव्हतं. गोपाळराव पोस्टात होते, त्यांची बदली झाली तेव्हा दोघं इथं राहून गेले होते.

ती परत आली तीच आजारी. क्षय. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली, बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. थोरल्या दवाखान्यातली ती जागा तिला कधी घेताच आली नाही.

आनंदीबाईंची ही गोष्ट आपण शाळेत शिकतो ती जिद्दीची म्हणून. मी ती इथं वेगळ्या कारणासाठी सांगतोय. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये शोधला होता. म्हणजे तिला काय झालंय हे विज्ञानाला माहीत होतं, स्वतः तिलाही ते कळत असणार. पण करायचं काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. क्षयावरचं पहिलं खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला १९४३ उजाडलं. त्या काळात अत्यवस्थ माणसाजवळ बसायचं, कपाळावर ओली पट्टी ठेवायची, पाणी पाजायचं आणि वाट बघायची. राजा असो की रयत, यात फार फरक नव्हता. आजार बरा होईपर्यंत शरीर चालू ठेवायचं, ही कल्पनाच नव्हती.

ही कल्पना कुठं जन्मली? आता तुम्हाला कोपनहेगनला घेऊन जातो. इथं जरा थांबू, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार आवडते.

१९५२ चा उन्हाळा. डेन्मार्कमध्ये पोलिओची भयंकर साथ. पोलिओ म्हटलं की आपल्याला लंगडणारा पाय आठवतो, पण वाईट प्रकारात पोलिओ श्वासाचे आणि गिळण्याचे स्नायूच बंद पाडायचा. मूल शुद्धीत असायचं, सगळं कळायचं आणि गुदमरायचं. त्या काळी उपाय होता ‘आयर्न लंग’, लोखंडी पिंप. रुग्णाला गळ्यापर्यंत त्यात घालायचं, आतली हवा कमी-जास्त करून छाती फुगवायची. शहरातल्या ब्लेगडम हॉस्पिटलकडे असा पिंप होता एक. छातीवर बसवायची तसलीच छोटी यंत्रं सहा. आणि रोज पन्नासपर्यंत नवे रुग्ण. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडलेले ३१ रुग्ण आले, त्यातले २७ गेले.

हॉस्पिटलचे प्रमुख होते डॉक्टर लासेन. रुग्णांच्या रक्तात एक आम्लारी घटक खूप वाढलेला दिसत होता, त्यामुळं त्यांना वाटलं हा काहीतरी वेगळाच बिघाड आहे. एका सहकाऱ्यानं सुचवलं, त्या भूलतज्ज्ञाला विचारून बघा. भूलतज्ज्ञ म्हणजे तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर न दिसणारा माणूस. त्याचं नाव ब्यॉर्न इब्सेन. त्यानं कागद पाहिले, शवविच्छेदनं पाहिली आणि सांगितलं, बिघाड वेगळा नाही. ही मुलं नीट श्वास सोडत नाहीयेत, कार्बन डायऑक्साइड आत साठतोय. यांना हवा द्या, बाकी काही नको.

२७ ऑगस्ट १९५२. बारा वर्षांची विवी नावाची मुलगी, हातपाय गेलेले, ताप, ओठ निळे पडत चाललेले. इब्सेननं तिच्या गळ्याला छिद्र पाडून नळी घालायला लावली. नळी बसली, पण तिची छाती आवळून आली, हवा आत जाईना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले म्हणतात. संपलंच, असं वाटलं असणार. इब्सेननं तिला भुलीचं औषध दिलं. तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि मग त्यानं नळीला जोडलेली रबरी पिशवी हातानं दाबायला सुरुवात केली. हवा आत, हवा बाहेर. रंग परत आला. खात्री करायला तिला यंत्रावर ठेवून पाहिलं, ती पुन्हा बिघडली. पुन्हा हातानं पिशवी, पुन्हा सुधारली.

आता प्रश्न बघा. एकाच वेळी सत्तर-सत्तर रुग्णांना अशी हवा द्यायची. मिनिटाला पंधरा-वीस वेळा, दिवसरात्र, कित्येक आठवडे. मशीन नाही. मग त्यांनी काय केलं? मेडिकल कॉलेजची पोरं बोलावली. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून पलंगाशेजारी बसले आणि पिशव्या दाबत राहिले. वय विशी-बाविशीचं, म्हणजे हे ऐकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचं. गळ्यात नळी असल्यानं मुलांना बोलता यायचं नाही, तर ही पोरं एका हातानं पिशवी दाबत त्यांना गोष्टी वाचून दाखवायची. पाळी चालू असताना समोरचं मूल जायचं, तेही त्यांनी सोसलं. साथ संपता संपता मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं.

यात पोलिओवर औषध कुठंच नाही. विषाणू तसाच होता. फक्त शरीराला वेळ मिळाला. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, इब्सेननं कोपनहेगनच्या दुसऱ्या एका रुग्णालयात असे सगळे अत्यवस्थ रुग्ण एका जागी ठेवायला सुरुवात केली. जगातला पहिला आयसीयू म्हणून बहुतेक इतिहासकार त्याच जागेकडं बोट दाखवतात. विवी पुढं १९७१ पर्यंत जगली. हातपाय परत आले नाहीत.

आणि ती पिशवी? १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच तिची आपोआप फुगणारी आवृत्ती निघाली: अंबू बॅग. आज तुमच्या गावात येणाऱ्या १०८ च्या ॲम्ब्युलन्समध्ये ती असते. आपल्याकडं व्हेंटिलेटर कमी पडले की सरकारी दवाखान्यांत कितीदा तरी नातेवाइकांच्याच हातात ती दिली गेली आहे. रात्रभर बापाला श्वास देणारा पोरगा फक्त कोपनहेगनच्या इतिहासात नाही. १९६० मध्ये अमेरिकेत छाती दाबून हृदय चालू ठेवायची पद्धत प्रसिद्ध झाली, ते दुसरं ‘सीपीआर’. त्यालाही लागतात ते दोन हातच.

आपल्याकडं हे शास्त्र आलं ते मुंबईत, आणि त्यात डॉ. फारोख उदवाडियांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. त्यांच्यासमोर पोलिओ नव्हता, धनुर्वात होता. शेतात खिळा, काटा, गंजका पत्रा लागायचा, आठवड्याभरात जबडा आवळायचा आणि मग सगळं अंग धनुष्यासारखं वाकायचं. धनुर्वाताचं विष मज्जातंतूंना एकदा चिकटलं की काढता येत नाही. ते आपोआप उतरेपर्यंत तीन-चार आठवडे स्नायू सैल ठेवायचे, श्वास मशीननं द्यायचा, रक्तदाबाचे झटके सांभाळायचे. पुन्हा तेच, वेळ विकत घ्यायचा. मुंबईतल्या १५० रुग्णांचा अनुभव उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. पूर्वी ज्यांची आशा सोडून द्यायचे, त्यातले कितीतरी घरी गेले होते.

पण मुंबई म्हणजे महाराष्ट्र नव्हे. खेड्यात काय? याचं उत्तर महाडजवळच्या बिरवाडीत सापडतं. १९७६ मध्ये तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. कोकणात लाल विंचू. चावला की घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी. मुलं तोंडाला फेस येऊन मरायची. बावस्कर रात्र-रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विंचवाचं विष रक्तवाहिन्या आवळून हृदयावर भार टाकतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, वापरून बघितली. मृत्यूचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते एक टक्क्यावर आलं. ‘लॅन्सेट’नं ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खरं सांगायचं तर मला इब्सेनपेक्षा बावस्करांचं जास्त कौतुक वाटतं. इब्सेनकडं दीड हजार पोरं तरी होती.

आता परत २०२१ च्या कॉरिडॉरमध्ये येऊ.

मावशी अगदीच चूक नव्हती. कोरोनात व्हेंटिलेटरपर्यंत पोचलेल्यांत मृत्यू खूप होते. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत, नेहमीचे उपचार मिळालेल्या आणि व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांपैकी ४१ टक्के २८ दिवसांत गेले. पण वाक्य उलटं करून बघा, बाकीचे ५९ टक्के २८ दिवसांनंतर जिवंत होते. लोक मशीन लावल्यामुळं मरत नव्हते, मरायला टेकलेल्यांनाच मशीन लागत होतं. त्याच चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्या, काही रुपयांच्या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी केले. हे जून २०२० मध्येच कळलं होतं. आणि आपण २०२१ मध्ये रांगा कशासाठी लावल्या? रेमडेसिवीरसाठी, ज्यानं मृत्यू कमी होतात असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत दिसलंच नव्हतं. मीही रांगेत होतो. सहा तास.

मशीन निरुपद्रवी आहे असंही नाही हं. पूर्वी डॉक्टर भरपूर हवा भरायचे, जास्त ती चांगली म्हणून. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर तपासलं. प्रत्येक श्वासाला निम्मीच हवा दिली, तर मृत्यू जवळजवळ ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. आजारी फुप्फुस फुग्यासारखं ताणलं की फाटतं, इतकं साधं. हे कळायला कोपनहेगननंतर ४८ वर्षं लागली.

मशीनवर सगळं अवलंबून असण्याचा दुसरा धोका कोल्हापूरनं पाहिला. २८ सप्टेंबर २०२० च्या पहाटे थोरल्या दवाखान्याच्या ट्रॉमा केअरमधल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आतले रुग्ण बाहेर काढून दुसरीकडं हलवावे लागले. अत्यवस्थ माणूस हलवणं म्हणजे त्याच्याबरोबर ऑक्सिजन, सलाईन, नळ्या, सगळंच हलवायचं. धुरात. विचार करा.

आणि एक बाजू राहिली. शरीर चालू ठेवता येतं, पण किती दिवस, आणि हे कुणी ठरवायचं? महाराष्ट्रात हा प्रश्न पोचला तो मुंबईच्या केईएममधून. १९७३ मध्ये हल्ल्यात मेंदूला इजा झालेल्या परिचारिका अरुणा शानभाग जवळजवळ ४२ वर्षं तिथं होत्या, त्यातला बहुतेक सगळा काळ व्हेंटिलेटरशिवाय. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये त्यांचा प्रश्न ऐकला. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सोडायला ठाम नकार दिला होता. २०१८ मध्ये न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि ‘लिव्हिंग विल’ला वाट दिली, म्हणजे मी बोलू शकत नसेन तेव्हा मला कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवायचं. २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी झाली, आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतं. आमच्या घरी कुणीच केलेलं नाही. विषय काढला की आई म्हणते, "अभद्र बोलू नको."

मामांचं काय झालं, विचाराल. मी सही केली. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अकराव्या दिवशी नळी निघाली. घरी आले तेव्हा वजन सोळा किलोनं कमी, हाताची पकड गेलेली, रात्री दचकून उठायचे, मशीनचा आवाज येतोय म्हणायचे. आयसीयूतून सुटलेल्या कित्येकांचं असं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जिना चढायला पाच महिने लागले. शेजारच्या बेडवर एक गडहिंग्लजचे गुरुजी होते, तेच मशीन, तीच औषधं. ते गेले.

परवा मामांना हा भाग रेकॉर्ड करतोय म्हणून सांगितलं. म्हणाले, "त्या दीड हजार पोरांना पगार दिला का रे?"

दिला होता, मामा.