खनिज निधीवर पहिला शब्द गावाचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी भागात खनिज विकास निधीचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येते: पैसा जिल्हाधिकारी-पालकमंत्र्यांच्या हाती आहे तेच बरे, गावाकडे दिला तर सरपंच आणि ठेकेदार मिळून खातील. असे म्हणणारे गावाचे शत्रू नाहीत. अर्धवट नाल्या आणि कागदावरच्या विहिरी त्यांनीही पाहिल्या आहेत. तरीही हे मत टिकत नाही.

हा पैसा मुळात सरकारी तिजोरीचा नाहीच. 2015 मध्ये खाण कायद्यात कलम 9ब आले आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान हा ना-नफा न्यास जन्मला. खाणधारक त्यात स्वामित्वधनाव्यतिरिक्त रक्कम भरतो: जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के, लिलावातल्या पट्ट्यांवर 10 टक्के. स्वामित्वधन राज्याचे, ही वरची रक्कम कायद्यानेच खाणबाधित माणसांच्या आणि क्षेत्राच्या हितासाठी राखली आहे. उकणी, निलजई, घोन्सा इथल्या माणसाच्या अंगणात कोळशाची धूळ बसते, म्हणून हा निधी आहे. त्यानेच अर्ज घेऊन यवतमाळला खेटे घालावेत, हा कुठला न्याय?

सरकारी हातात पैसा सुरक्षित राहतो म्हणावे, तर हा निधी राज्याच्या तिजोरीत किंवा मुख्यमंत्री सहायता निधीत वळवू नये, असा आदेश जुलै 2021 मध्ये केंद्राला का काढावा लागला? राखीव पैसा आपल्या खर्चाकडे वळवण्याचा मोह सरकारांना इतरत्रही होतो. ब्रिटनमध्ये 1994 साली राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली, तेव्हा तिच्यातून सत्कार्यांसाठी निघणाऱ्या पैशाने शासनाच्या नेहमीच्या खर्चाची जागा घेऊ नये, हे तत्त्व मानले गेले. 1998 मध्ये त्याच पैशातून आरोग्य-शिक्षणासाठी वेगळा निधी निघाला आणि तत्त्व मोडल्याचा आरोप झाला. आरोग्य केंद्र आणि शाळा ही शासनाची कामे आहेतच. ती खनिज निधीतून उरकली, तर बाधित गावाच्या पदरात जास्तीचे काय पडले?

गावाला खर्च जमत नाही, हे तर राज्यानेच खोटे ठरवले आहे. 2015 पासून आदिवासी उपयोजनेचा 5 टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या (पेसा) ग्रामपंचायतींना थेट मिळतो आणि त्याचा विनियोग ग्रामसभा ठरवते. यवतमाळात केळापूर, घाटंजी, राळेगाव, मारेगावची गावे त्यात आहेत. अनुसूचित क्षेत्रात खनिज निधीच्या आराखड्यालाही ग्रामसभेची मंजुरी लागते; वणीच्या खाणगावांना मात्र हे कवच नाही. गैरव्यवहार गावातही होईल, पण पाच लाखांची नाली गावकऱ्याच्या दारासमोर असते, तिचे माप त्याला घेता येते. प्रतिष्ठानच्या नियामक परिषदेच्या बैठकीत तो नसतो.

म्हणून वणीच्या प्रत्येक खाणगावाने 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा: आमच्या नावावरच्या निधीचा आराखडा आधी आमच्यापुढे ठेवा, आणि झालेल्या खर्चाचा हिशेब चावडीवर लावा.