तुमचे डॉक्टर जास्त अँटिबायोटिक्स देतात का? इंग्लंडमध्ये हे कोणालाही तपासता येतं

इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या माणसाला घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं. या दवाखान्याला तिथे 'सर्जरी' म्हणतात (ऑपरेशनशी संबंध नाही!). या सर्जरीतून कोणतं औषध किती दिलं गेलं, हे घरबसल्या पाहता येतं.

ही माहिती येते कुठून?

मेडिकलवाल्यांच्या बिलांतून. चिठ्ठीवरचं औषध दिलं की दुकानदार त्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवेकडे, म्हणजे एनएचएसकडे मागतो. त्यावरून दवाखानानिहाय आकडे तयार होतात आणि साधारण दोन महिन्यांनी जाहीर होतात. त्यात रुग्णाचं नाव किंवा आजार नसतो. चिठ्ठी मिळाली, पण रुग्ण मेडिकलमध्ये गेलाच नाही, तर ती मोजली जात नाही.

मूळ फाइल्समध्ये लाखो ओळी असतात. त्या सामान्य माणसाला कळाव्यात म्हणून ऑक्सफर्ड विद्यापीठातले डॉक्टर-लेखक बेन गोल्डेकर आणि त्यांच्या टीमने २०१५ मध्ये 'ओपनप्रिस्क्रायबिंग' ही मोफत वेबसाइट सुरू केली. दवाखाना निवडला की आलेख दिसतो. लाल रेष त्या दवाखान्याची, तुटक निळी रेष देशातल्या मधल्या दवाखान्याची.

लाल रेष वर गेली म्हणजे डॉक्टर वाईट?

इथेच बरेच जण फसतात. एकतर, निम्मे दवाखाने मधल्या रेषेच्या वर असणारच, गणितच तसं आहे. दुसरं म्हणजे रुग्ण कोण आहेत ते पाहावं लागतं. विद्यापीठाशेजारचा दवाखाना गर्भनिरोधक गोळ्या जास्त देणार, वृद्धाश्रमाशेजारचा रक्तदाबाच्या. म्हणून काही तुलनांमध्ये वय आणि लिंगाचा हिशेब आधीच धरलेला असतो.

मोजणीतही गंमत आहे. तिथे चिठ्ठीवरचं एक औषध म्हणजे एक 'आयटम', मग गोळ्या कितीही असोत. समजा, एक डॉक्टर २८ दिवसांच्या गोळ्या देतात, दुसरे ५६ दिवसांच्या. रोज एकच गोळी घेणाऱ्या रुग्णाचे वर्षाला पहिल्यांकडे १३ आयटम होतात, दुसऱ्यांकडे सहा-सात. गोळ्या तेवढ्याच, पण पहिले डॉक्टर दुप्पट औषधं देतात असं वाटतं.

त्यामुळे नुसत्या संख्येपेक्षा प्रमाण जास्त बोलकं असतं. उदाहरणार्थ, एकूण अँटिबायोटिक्सपैकी को-अमॉक्सिक्लाव, सेफॅलोस्पोरिन आणि क्विनोलोन किती? को-अमॉक्सिक्लाव म्हणजे आपल्याकडे 'ऑगमेंटिन' नावाने खपणारं औषध. ही औषधं एकाच वेळी अनेक प्रकारच्या जिवाणूंवर मारा करतात. साध्या संसर्गातही ती सर्रास वापरली, तर जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात आणि गंभीर आजारात डॉक्टरांच्या हाती कमी पर्याय उरतात. म्हणूनच एनएचएसने हे प्रमाण १० टक्क्यांच्या आत ठेवण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. एखादा दवाखाना महिनोन्महिने त्याच्या बराच वर असेल, तर कारण विचारायला हवं. एखाद्याच महिन्याची उडी, तीही छोट्या दवाखान्यात, फार मनावर घेऊ नये.

भारतात असं पाहता येतं का?

नाही. आपल्याकडे बरेच लोक खासगी डॉक्टरकडे जातात आणि औषधाचे पैसे खिशातून देतात, त्यामुळे सगळी बिलं एका ठिकाणी जमा होत नाहीत. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच१'मधल्या औषधांसाठी, ज्यात काही अँटिबायोटिक्सही आहेत, मेडिकलवाल्याने वेगळं रजिस्टर ठेवणं बंधनकारक आहे. त्यात डॉक्टर आणि रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं लिहायचं असतं. ते तीन वर्षं जपायचं, पण दुकानातच. औषध निरीक्षक तपासणीला आला की तो ते पाहतो.