परदेशातील वैद्यकीय पदवी : प्रवेशापूर्वी काय तपासावे?

‘नीट’चा निकाल लागला, की शासकीय महाविद्यालयातील जागा थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्यांपुढे दोन वाटा उरतात. एक खासगी महाविद्यालयाच्या भरमसाट शुल्काची, तर दुसरी रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान यांसारख्या देशांतील तुलनेने स्वस्त पदवीची. मात्र परदेशातील पदवी आणि भारतात व्यवसाय करण्याचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रवेशाच्या घाईत पालकांना नेमका याचाच विसर पडतो.

नियम काय सांगतात?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमावलीनुसार परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असावा लागतो. त्यानंतरची १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच संस्थेत पूर्ण करावी लागते. संपूर्ण शिक्षण प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत संपले पाहिजे. शिवाय, त्या देशातील नागरिकांप्रमाणेच तेथे व्यवसाय करण्याचा परवाना त्या पदवीमुळे मिळाला पाहिजे. यांतील एकही अट अपुरी राहिली, तर भारतात नोंदणी होऊ शकत नाही. ‘नीट’ची पात्रताही अनिवार्य आहे. ‘नीटशिवाय प्रवेश’ असे सांगणाऱ्या एजंटापासून म्हणूनच दूर राहावे.

परतल्यानंतर

पदवीधराला ‘एफएमजीई’ ही चाळणी परीक्षा द्यावी लागते. तीत ३०० पैकी किमान १५० गुण आवश्यक असतात. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेत पाचांपैकी साधारण एकच उमेदवार उत्तीर्ण झाला होता. उत्तीर्ण झाल्यावर भारतात आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता असते. म्हणजे परीक्षेच्या तयारीचा काळ वगळूनही किमान साडेसहा वर्षे लागतात. भारतात एमबीबीएस आंतरवासितेसह साडेपाच वर्षांत पूर्ण होते. खर्चाचा हिशेब करताना या वाढीव काळाचा आणि रुपयाच्या घसरत्या विनिमय दराचाही विचार व्हावा.

युक्रेनचा धडा

फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यावर हजारो भारतीय विद्यार्थ्यांना युक्रेनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. त्यांना येथील महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नव्हती. देश निवडताना तेथील शांतता व स्थैर्यही म्हणूनच पाहावे.

निर्णयापूर्वी

अभ्यासक्रमाचा कालावधी, माध्यम, आंतरवासिता आणि स्थानिक परवाना या चारही बाबींचे लेखी उत्तर एजंटाकडून नव्हे, तर थेट विद्यापीठाकडून मागवावे आणि ते आयोगाच्या नियमांशी ताडून पाहावे. रुग्णांशी संवाद साधण्यापुरती स्थानिक भाषा शिकण्याची सोय आहे का, हेही विचारावे. अपेक्षित गुण थोडक्यात हुकले असतील, तर पुन्हा ‘नीट’ देणे किंवा राज्यातील बीडीएस, बीएएमएस या अभ्यासक्रमांचा विचार करणे हेही पर्याय आहेत. स्वस्त म्हणून घेतलेली, पण नोंदणीस अपात्र ठरणारी पदवीच अखेर सर्वांत महाग पडते.