खुराक, इनाम आणि पगार
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खेळाडूच्या हातात पडणाऱ्या पैशाला मराठीत आपण फार नावं ठेवली, दोन्ही अर्थांनी. पैलवानाला मिळतो तो खुराक. मैदान मारलं की इनाम. बघणाऱ्यानं खूश होऊन खिशात हात घातला तर बक्षीस. सरकारनं दिलं तर मानधन, कॉलेजनं दिलं तर शिष्यवृत्ती. खुराक आणि बक्षीस फारसीतून आले, इनाम अरबीतून. पैलवान आणि कुस्ती हे शब्दसुद्धा फारसीच. या यादीत एक शब्द मात्र येत नाही, तो म्हणजे पगार. हा पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला आणि गिरणी, गोदी, कचेरी असा सगळीकडे फिरला. आखाड्याच्या दारात मात्र त्याला थांबावं लागलं. खेळणारा विद्यार्थी असेल तर विचारायलाच नको.

आमच्या अष्टमीत, कुंडलिकेच्या काठी, कुस्तीपेक्षा कबड्डीचं वेड जास्त. पण या विषयाची मराठी गोष्ट सांगायची तर कोल्हापूरलाच जावं लागतं.

राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, खासबागेचं मैदान उभारलं. ते १९१२ साली खुलं झालं. दूध, तूप, बदाम, मटण हा सगळा खर्च दरबाराचा. त्या काळी कुणी विचारलं नाही की हा पैलवान हौशी की धंदेवाईक. प्रश्नच परका होता. पुढे कराडजवळच्या गोळेश्वर गावचा एक मुलगा राजाराम कॉलेजात शिकायला आला. खाशाबा दादासाहेब जाधव, जन्म १५ जानेवारी १९२६. अंगानं लहानखुरा. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेला तर क्रीडाशिक्षकांनी त्याला परत पाठवलं, तेव्हा तो थेट प्राचार्यांकडे गेला आणि परवानगी घेऊन आला, असं सांगतात. म्हणजे कॉलेजनं हेरून आणलेला हा खेळाडू नव्हे. उलट त्यालाच कॉलेजचा दरवाजा ठोठवावा लागला.

१९४८ साली तो लंडनच्या ऑलिम्पिकला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला म्हणून. मातीतला गडी, मॅटवर पहिल्यांदाच उतरलेला, तरी फ्लायवेट गटात सहावा आला. त्यानंतर चारच वर्षांत हेलसिंकीचं ऑलिम्पिक. पण मधल्या काळात एक मोठी गोष्ट घडली होती. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजा गेला म्हणजे खुराक देणारा हात गेला, आणि त्या जागी नवा हात अजून आलेला नव्हता. खाशाबांच्या १९५२ च्या धावपळीकडे मी असं बघतो. लोकशाही आली होती, तिचा खजिना मात्र पैलवानापर्यंत पोचायचा होता. वर्गणी झाली, गावानं हातभार लावला, सरकारदरबारी खेटे घातले गेले. तरीही पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

माजी प्राचार्य, हे लक्षात घ्या. खुर्ची सोडलेल्या माणसाला कॉलेजच्या नावलौकिकाशी काय देणंघेणं? एका माणसानं आपल्या विद्यार्थ्यासाठी घर टांगणीला लावलं, इतकीच ती गोष्ट आहे.

जुलै १९५२ मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचं कर्ज फेडलं, अशी आठवण आजही त्या भागात सांगितली जाते. १९५५ साली त्यांना पोलिसात सबइन्स्पेक्टरची नोकरी लागली. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी.

त्या काळच्या ऑलिम्पिकचा नियम कडक होता, खेळाडू हौशीच हवा. जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूनं १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदकं जिंकली. पुढच्याच वर्षी ती काढून घेतली, कारण कार्लाइलच्या शाळेत असताना सुट्टीच्या दिवसांत त्यानं पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ती पदकं परत मिळायला १९८२ साल उजाडलं, तोवर थॉर्प हयात नव्हता. तीच फूटपट्टी आपल्या जत्रांतल्या इनामी कुस्त्यांना लावली असती तर किती पैलवान हौशी उरले असते, असं कधी कधी मनात येतं. हौस हा शब्द गोड आहे. पण ती ज्याच्या घरी कणगी भरलेली असते त्याला परवडते.

आता माझी एक आठवण. मी बी.ए.ला होतो तेव्हा आमच्या वर्गात एक चढाईपटू होता. कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याचंही नाही. भातकापणी उरकली की गावोगावच्या शेतात मैदानं आखली जात, रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालत. तिथे त्याचा खेळ बघून कॉलेजचे क्रीडाशिक्षक त्याच्या घरी गेले. ओटीवर बसले, कोरा चहा प्याले, बापाला म्हणाले, ‘‘पोराला आमच्याकडे द्या, फीचं आम्ही बघतो.’’ अमेरिकेत या कामासाठी मोठी यंत्रणा असते, माणसं विमानानं फिरतात. आमच्याकडे सर लाल डब्यानं फिरत, एवढाच फरक. दोन वर्षं त्यानं कॉलेजला ढाली आणून दिल्या. तिसऱ्या वर्षी पकडीत गुडघा गेला. दवाखान्यापर्यंतच्या रिक्षाचे पैसे मिळाले. पुढचं सत्र सुरू झालं तेव्हा कचेरीतून फीची आठवण करणारी चिठ्ठी आली. त्यानं परीक्षा दिली नाही. पुढे बरीच वर्षं तो मिनिडोर चालवायचा, क्लच दाबताना गुडघा धरायचा.

त्याला कुणी फसवलं असं मी म्हणणार नाही. सरांनी दिलेला शब्द खरा होता, फक्त तो गुडघा शाबूत असेपर्यंतचा होता.

अमेरिकेतला सगळा वाद मला या गुडघ्यापाशी येऊन भेटतो. तिथली कॉलेजं पैशाला शिवत नव्हती असं कधीच नव्हतं. १८५२ साली हार्वर्ड आणि येल यांच्यात पहिली होड्यांची शर्यत झाली, तिचा खर्च एका रेल्वे कंपनीनं केला होता. प्रवासी मिळावेत म्हणून. १९२९ साली कार्नेगी प्रतिष्ठाननं शंभरावर कॉलेजांची पाहणी केली, तर बहुतेक ठिकाणी खेळाडूंना या ना त्या वाटेनं आमिष दाखवलं जात असल्याचं आढळलं. खरी कसोटी आली ती दुखापतीत. कोलोरॅडो राज्यात नेमेथ नावाच्या फुटबॉलपटूला सरावात इजा झाली. कॉलेजातल्या किरकोळ कामाचे त्याला पैसे मिळत, आणि ते काम खेळाशी बांधलेलं होतं. १९५३ साली न्यायालयानं त्याला कामगाराची नुकसानभरपाई दिली. दोनच वर्षांनी त्याच राज्यात रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याची विधवा भरपाई मागायला गेली. १९५७ साली न्यायालयानं सांगितलं, कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही. भरपाई मिळणार नाही.

याच सुमारास तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेनं ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ हा शब्द घडवला आणि सगळीकडे तोच वापरावा असा दंडक घातला. खेळाडू म्हटलं की कुणी कामगार म्हणेल, म्हणून आधी विद्यार्थी. हा शब्द ज्यांच्या कारकिर्दीत आला त्या वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ साली, पुस्तक लिहून ही व्यवस्था खेळाडूंवर अन्याय करणारी असल्याचं मांडलं. आम्ही कवी शब्द जुळवतो ते यमकासाठी. वकिलांनी जुळवलेला एखादा शब्द पन्नास-साठ वर्षं पैसे वाचवतो.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा निकाल देऊन संघटनेची बंधनं सैल केली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव आणि छबी वापरू देऊन जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. जून २०२५ मध्ये हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर झाली, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षी एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा, म्हणजे आपले साधारण पावणेदोनशे कोटी रुपये. गंमत अशी की याला तेही पगार म्हणत नाहीत. महसुलातला वाटा म्हणतात.

आपल्याकडे एवढा महसूलच नाही, मग हा वाद आपला कसा, असं कुणी म्हणेल. पण देवघेव आपल्याकडेही आहे, ती रोख नसते इतकंच. बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड यांनी रोहित शर्माला आणलं तेव्हा महिन्याची २७५ रुपये फी भरण्याची त्याच्या घरची ऐपत नव्हती. लाडांनी ती माफ करून घेतली. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी बनावट क्रीडा प्रमाणपत्रं काढल्याची प्रकरणंही उघडकीस आली. जिथे मोल असतं तिथेच खोटा माल येतो. कबड्डीत तर पिढ्यान्‌पिढ्या खरं बक्षीस नोकरी हेच होतं. एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्या संघात शिरकाव झाला की घरचे म्हणत, पोरगं मार्गाला लागलं. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि हिशेब बदलला. २०१९ च्या लिलावात चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. मुलींच्या वाट्याला मात्र २०१६ साली तीन संघांची एक छोटी स्पर्धा आली आणि ती पुन्हा भरली नाही. त्यांच्या आयांना मी काय सांगू?

‘खेलो इंडिया’ योजनेत निवडलेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये खर्चाची तरतूद केली गेली, त्यातले महिन्याला १० हजार त्याच्या हातखर्चाला. १९५२ च्या खाशाबांना एवढं असतं तर कुणाचं घर गहाण पडलं नसतं. पण त्या यादीत नाव लागणारी मुलं थोडी. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात कॉलेजचा बनियन घालून खेळणारी बाकीची हजारो मुलं आजही सरांच्या तोंडी शब्दावर खेळतात. मला त्यांच्या पगाराची घाई नाही. पण ओटीवर चहा पिताना दिलेला शब्द एका कागदावर उतरावा: दुखापत झाली तर उपचार कॉलेजचा, आणि खेळ थांबला तरी पदवी होईपर्यंत फी माफ. खाली बापाची सही, शेजारी प्राचार्यांची.