वितळून सावरणारा फ्यूज

वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या पट्ट्यात पत्र्याच्या छपराखाली चालणारे कितीतरी गाळे आहेत. अशा गाळ्यातल्या कंट्रोल पॅनेलचं झाकण मे महिन्यात उघडलं, की आतली तापलेली हवा तोंडावर येते. त्या पॅनेलमधल्या सेन्सरच्या लाइनवर 100 मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज, म्हणजे ट्रिप होऊन पुन्हा सावरणारा फ्यूज, लावावा की 200 चा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. उत्तर मात्र त्याच्या कुळात सापडतं.

एडिसनने 1880 मध्ये ज्या वितळणाऱ्या तारेचं पेटंट घेतलं, तिचं काम एकदाच व्हायचं. फ्यूज उडाला की किटकॅट उपसून नवी तार बांधायची. पॉलिफ्यूजचं मूळ निराळं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये जेराल्ड पिअरसनने 1939 मध्ये एका पेटंटसाठी अर्ज केला आणि 1941 मध्ये ते मिळालं. वीजरोधक पदार्थात वाहक कण मिसळले, तर ठरावीक तापमानापुढे त्या मिश्रणाचा रोध झपाट्याने वाढतो, हे त्याचं सार. हाच पिअरसन 1954 मध्ये चॅपिन आणि फुलर यांच्यासह सिलिकॉनचा सौरघट घडवणाऱ्यांपैकी एक. तो शोध जगभर गाजला. हा मात्र चाळीसेक वर्षं पेटंटच्या कागदांतच राहिला.

त्याला बाजारात आणलं कॅलिफोर्नियाच्या रेकेम कंपनीने. पॉल कुक यांनी 1957 मध्ये काढलेल्या या कंपनीचं कसब होतं किरणांच्या माऱ्याने प्लास्टिकच्या रेणूंची जाळी विणण्याचं. असं प्लास्टिक आतून वितळलं तरी आकार सोडत नाही, आणि नेमकं हेच हवं होतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिचा पॉलिफ्यूज ‘पॉलिस्विच’ या नावाने आला. टेलिफोनच्या लाइनींना, रिचार्जेबल बॅटऱ्यांना आणि पुढे यूएसबी पोर्टांना त्याने सांभाळलं.

आत पॉलिथिलीन आणि काजळीचे कण असतात. विरार लोकलमध्ये खांद्याला खांदा भिडलेले प्रवासी पिशवी हातोहात आत पोचवतात. डबा अचानक फुगून रुंद झाला तर हात हाताला पोचणार नाहीत. इथेही तसंच होतं. प्रवाह वाढला की मिश्रण तापतं, सुमारे 125 अंशांना त्यातले स्फटिक वितळतात, पदार्थ फुगतो आणि कणांची साखळी तुटते. रोध हजारो पटींनी वाढतो. वीज बंद करून निवू दिलं की साखळी पुन्हा जुळते, पण पूर्वीइतकी घट्ट नाही. रोध थोडा चढाच राहतो.

म्हणून या फ्यूजला प्रवाह थेट कळतच नाही, कळते ती उष्णता. डेटाशीटवरचा 100 मिलिअँपिअरचा आकडा 23 अंशांसारख्या सुखद खोलीतला असतो. पॅनेलमध्ये 60 अंश झाले, तर तोच जेमतेम 60 मिलिअँपिअर धरतो. 80 मिलिअँपिअर घेणारा सेन्सर असेल, तर काहीही बिघडलेलं नसताना लाइन बंद पडेल. तिथे 200 चाच हवा.

कमी प्रवाहाच्या सर्किटमध्ये दुसरी अडचणही येते: फ्यूज जितका लहान, तितका त्याचा रोध मोठा. 100 च्या जातीत ट्रिप होऊन सावरल्यानंतर रोध साडेसात ओहमपर्यंत जाऊ शकतो. 80 मिलिअँपिअरला 0.6 व्होल्ट त्यातच खर्ची पडतात. 24 व्होल्टच्या लाइनवर ते जाणवणार नाहीत, 3.3 व्होल्टच्या बोर्डावर मात्र ही मोठी घट आहे.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सप्लायची ताकद. 200 चा फ्यूज ट्रिप व्हायला साधारण 400 मिलिअँपिअर लागतात. सप्लायच 300 वर थांबत असेल, तर शॉर्ट झाल्यावरही तो हमखास ट्रिप होईल असं धरता येत नाही. झाला तरी कित्येकदा सेकंदभर किंवा अधिक वेळ घेतो. तेवढ्यात नाजूक चिप जळून जाते, तिच्यासाठी वेगळं संरक्षण लागतं. शिवाय ट्रिप झाल्यावरही थोडी वीज झिरपत असतेच. 60 व्होल्टपर्यंतचा हा सुटा भाग 230 व्होल्टच्या बाजूला कधीही लावू नये. तिथे काचेचा फ्यूज किंवा एमसीबीच हवी.