फाईल परत आली, नोंदी नाही आल्या

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी लॅबच्या बॅकअपचं काम माझ्याकडे आलं. (तुमच्याकडेही येईल. सर्व्हर नेहमी लॅबमधल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतो.) आमच्याकडे बॅक्युला होतं. त्याचा डेटाबेस डिस्क भरत चालला, म्हणून मी नोंदी जपायची मुदत सहा महिन्यांवरून 15 दिवसांवर आणली. तीन आठवड्यांनी एका रिव्ह्यूअरने आमचे आकडे पुन्हा तपासायला सांगितले आणि सरांनी दोन महिन्यांपूर्वीच्या रन्सचं मूळ आउटपुट मागितलं. मी निवांत होतो. गिटमधून कॉन्फिगरेशनची जुनी फाईल काढली, जागेवर ठेवली, सर्व्हिस रीस्टार्ट केली. रिस्टोअरच्या यादीत 15 दिवसांपलीकडचं काहीच दिसेना.

माझी चूक कळायला थोडा इतिहास लागतो.

फाईलची जुनी आवृत्ती परत आणणं हा प्रश्न बराच आधी सुटलेला आहे. 1972 मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. त्यात सगळ्या आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाईलमध्ये एकमेकींत गुंफलेल्या असतात. पुढे 1980च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं. त्यांनी ताजी आवृत्ती अख्खी ठेवली आणि जुन्यांसाठी फक्त मागे जाण्याचे फरक साठवले, कारण बहुतेक वेळा माणसाला ताजीच हवी असते. सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींनी आपल्या कॉन्फिगरेशन फाईलींसाठी आरसीएस वर्षानुवर्षं वापरलं. म्हणजे गिट येण्याच्या कितीतरी आधीपासून मजकूर मागे नेता येत होता.

पण बॅकअप सिस्टिमचं कॉन्फिगरेशन हा नुसता मजकूर नसतो, त्यात हुकूम असतात. ‘15 दिवसांपेक्षा जुन्या नोंदी काढ’ हे वाक्य तुम्ही नंतर खोडू शकता, पण दरम्यान तो हुकूम पाळला गेलेला असतो. मी वाक्य खोडलं आणि नोंदी आपोआप परत येतील असं धरून बसलो.

या नोंदी राहतात कुठे, यावर दोन सिस्टिमनी दोन वेगळी उत्तरं दिली. मेरीलँड विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात 1990च्या दशकाच्या अगदी सुरुवातीला जेम्स दा सिल्वा आणि सहकाऱ्यांनी अमांडा तयार केलं. त्यात मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. टेपवरच्या प्रत्येक बॅकअपच्या आधी 32 किलोबाइटचा एक मथळा असतो आणि त्यात साध्या मजकुरात लिहिलेलं असतं की हा भाग परत काढायला कोणती आज्ञा द्यायची. ती आज्ञा युनिक्सच्या नेहमीच्या हत्यारांचीच, डीडी वगैरे. समजा अमांडा गेलं, त्याचं कॉन्फिगरेशन गेलं, सर्व्हर जळाला. टेप हातात असली तरी पुरे. कुलुपावरच किल्ली बांधून ठेवल्यासारखं. (सुरक्षेच्या दृष्टीने तुम्ही नाक मुरडाल. मुरडा, पण आग लागल्यावर या.)

बॅक्युला नंतरचं. कर्न सिबाल्ड यांनी 2000 मध्ये काम सुरू केलं, 2002 मध्ये ते लोकांसमोर आलं. इथे कोणती फाईल कोणत्या टेपवर कुठे आहे ही माहिती कॅटलॉग नावाच्या एसक्यूएल डेटाबेसमध्ये जाते. सोय मोठी. फाईल हवी तर झाडासारख्या यादीतून निवडायची. किंमत अशी की कॅटलॉग गेला की टेपा मुक्या होतात. बनवणाऱ्यांना हे पक्कं माहीत होतं. सोबत येणाऱ्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये खुद्द कॅटलॉगचा बॅकअप हे वेगळं काम असतं. बाकी कामांचा प्राधान्यक्रम 10, याचा 11. म्हणजे रात्रीचं सगळं उरकल्यावर, त्या रात्रीच्या नोंदींसकट कॅटलॉग जपला जातो.

मग मी महिन्याभरापूर्वीचा कॅटलॉगच का नाही परत बसवला? बसवला असता, तर त्याला जुन्या टेपा आठवल्या असत्या, पण गेल्या महिन्याभरातले बॅकअप त्याच्या लेखी झालेच नसते. लॅबमधल्या चौघांचं अलीकडचं काम त्या महिन्यात होतं. ‘आधीच्या स्थितीत नेणं’ म्हटलं की विचारायचं, कुणाच्या आधीच्या?

तिसरी वाट होती. मुदत संपून नोंद गेली तरी टेपवरचा डेटा लगेच जात नाही. ती टेप पुन्हा लिहिली जाईपर्यंत तो तिथेच पडून असतो. बीस्कॅन नावाचा प्रोग्रॅम टेप पहिल्यापासून वाचतो आणि कॅटलॉगमधल्या नोंदी नव्याने उभ्या करतो. इथे क्रम महत्त्वाचा. आधी कॉन्फिगरेशनमधली मुदत वाढवायची, मग बीस्कॅन. उलट केलंत, तर परत आणलेल्या नोंदी जुन्या तारखांच्याच असल्यामुळे पुढच्या साफसफाईत पुन्हा उडतात. जुनी फाईल आधी परत ठेवून मी नकळत पहिली पायरी बरोबर केली होती, एवढंच माझं नशीब.

बीस्कॅन दोन रात्री चाललं. सहापैकी पाच रन्सचं आउटपुट मिळालं. सहाव्याची टेप तोवर पुन्हा लिहिली गेली होती. पेपरच्या तक्त्यातली ती ओळ आम्ही काढून टाकली आणि का काढली ते रिव्ह्यूअरला कळवलं. ते पत्र सरांनी मला लिहायला लावलं.